पोस्ट निघाली, पेढे वाटले, तरी मन खट्टू... अपेक्षा खाली कशा आणायच्या?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. कुणाशी बोलावं कळत नाहीये म्हणून इथे लिहिते.

मी ३२ वर्षांची, लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. २०१८ ला पुण्यात आले एमपीएससी करायला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघी, सकाळी सातला अभ्यासिका ते रात्री दहा, मधे मेस. राज्यसेवा एके राज्यसेवा. उपजिल्हाधिकारी, नाहीतर तहसीलदार, त्याच्या खालचं पद मनात सुद्धा आणलं नव्हतं. एप्रिल २०२० ला होणारी पूर्व परीक्षा (प्रीलिम्स) आधी कोरोना मग आरक्षणाचा विषय असं करत करत २१ मार्च २०२१ ला झाली, ती मी पास झाले, मुख्य परीक्षेला (मेन्सला) दोन मार्कांनी राहिले. पुढच्या वेळी पूर्वच पास झाले नाही. त्याच्या पुढच्या वेळी इंटरव्ह्यूपर्यंत गेले, अंतिम यादी वरून खाली तीनदा वाचली, नाव नव्हतं.

मधे आईच्या आग्रहाखातर गट क चा फॉर्म भरलेला. त्यातून आता लिपिक-टंकलेखक म्हणून निवड झाली, म्हणजे पोस्ट निघाली एकदाची. गावात फाट्यापासून हलगी लावून नेलं मला, चुलतभावाने फ्लेक्स लावला त्यावर 'अधिकारीपदी निवड' लिहिलं, आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. सगळे खुश आहेत. मी हसत होते आणि फोटो काढून झाले की न्हाणीघरात जाऊन तोंड धुवून येत होते. रात्री झोप लागत नाही. वाटतं की सात वर्षं घालवून मी शेवटी जिथे पोचले तिथे पोचायला पुण्याला यायची तरी काय गरज होती.

सगळे म्हणतात अपेक्षा कमी कर म्हणजे त्रास होणार नाही. मला खरंच विचारायचंय, कमी करायची म्हणजे नक्की काय करायचं? मनाला कसं सांगायचं? आणि ती कमी केली म्हणजे हार मानली असं होत नाही का?

पारावरचा_काका:
ताई सर्वात आधी मनापासून अभिनंदन. माझी ३४ वर्षं बँकेत गेली, त्या अनुभवावरून सांगतो, पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणं ही काय गोष्ट आहे ते ज्याला मिळत नाही त्याला विचारा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या जुन्या लोकांनी उगाच नाही म्हटलेलं. जे मिळालं त्यात समाधान मानलं की झोप लागते. आशीर्वाद.

रातकिडा:
ताई राग मानू नका पण तुमची पोस्ट वाचून पोटात तुटलं. मी २९ चा, अजून पेठेतच आहे. २०२३ च्या तलाठी भरतीला ४६४४ जागा होत्या आणि दहा लाखांच्या वर अर्ज, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे पोरांमागे एक जागा, मी त्या बाकीच्यांमधला. तुम्ही ज्या पोस्टवर रडताय ती मला मिळाली तर मी फाट्यापासून लोटांगण घालत घरी जाईन. मेसवाल्या मावशींचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, घरी सांगितलं नाहीये. तुम्हाला बोलायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

पाऊलवाट:
@रातकिडा दादा, राग कशाला. तुमचं खरं आहे आणि म्हणूनच मला अजून अपराधी वाटतं. वाईट वाटतंय याचंच वाईट वाटतंय असं झालंय. @काका धन्यवाद, पण 'समाधान मान' असं मी स्वतःला रोजच म्हणते हो, नुसतं म्हटल्याने ते येत नाही.

वाचनवेल:
यावर एक जुना अभ्यास आठवला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधे पदक मिळालेल्या खेळाडूंचे व्हिडिओ लोकांना दाखवले आणि चेहऱ्यावर किती आनंद दिसतो ते ठरवायला सांगितलं. १९९५ ला तो छापून आला. निष्कर्ष असा की ब्राँझवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त खुश दिसत होते. कारण सिल्व्हरवाल्याच्या डोळ्यापुढे हुकलेलं गोल्ड असतं आणि ब्राँझवाल्याच्या डोळ्यापुढे चौथा नंबर, म्हणजे काहीच नाही. पाऊलवाट, तुमच्या डोळ्यापुढे तहसीलदाराची खुर्ची आहे आणि रातकिडा यांच्या डोळ्यापुढे रिकामे हात, म्हणून तीच पोस्ट दोघांना इतकी वेगळी दिसते. दोघांपैकी कुणाचंच चुकत नाहीये असं मला वाटतं.

पाऊलवाट:
हे पटलं. पण मग उपाय काय, कायम आपल्यापेक्षा खालच्याकडे बघत राहायचं? ते मला जमणार नाही. रातकिडा दादांकडे नाही म्हणून मला बरं वाटावं हा विचारच नको वाटतो.

मनमोकळी:
मी समुपदेशन करते, परीक्षा देणारी मुलं बरीच येतात माझ्याकडे, म्हणून जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

ताई तुम्ही विचारलंत कमी करायची म्हणजे नक्की काय करायचं, तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. त्यांना वाटतं अपेक्षा कमी करणं म्हणजे इच्छा कमी करणं. तहसीलदार व्हायची इच्छा होती ती आता मारून टाका, लिपिक व्हायचीच इच्छा होती असं मनाला पटवा. मन एवढं भोळं नसतं, त्याला खोटं लगेच कळतं.

मी ज्या पद्धतीने काम करते ती अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधे मांडली, मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. एलिसचं म्हणणं असं की घटना आपल्याला थेट कोसळवत नाही, घटना आणि दुःख यांच्या मधे आपली एक पक्की समजूत बसलेली असते. आणि त्रास देणारी समजूत बहुतेक वेळा 'पाहिजेच' या आकाराची असते. आपल्या मराठीत हे पकडणं फार सोपं आहे कारण आपल्याकडे 'च' आहे. 'मला तहसीलदार व्हायचं होतं' आणि 'मी तहसीलदार व्हायलाच पाहिजे होते' ही दोन वाक्यं जरा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या वाक्यात नाही झालं तर वाईट वाटतं, खूप वाटतं, डोळ्यात पाणी येतं. दुसऱ्या वाक्यात नाही झालं म्हणजे काहीतरी भयंकर घडलं, मी कुचकामी आहे, सात वर्षं मातीत गेली इथपर्यंत माणूस पोचतो. इच्छा तीच आहे, तेवढीच मोठी आहे, फक्त वरची सक्ती काढलीये. वाईट वाटणं जाणार नाही आणि ते जावं असं मी सांगणारही नाही, सात वर्षं मनापासून केलेल्या गोष्टीचं वाईट वाटलं नाही तरच नवल. पण न्हाणीघरात जाऊन तोंड लपवणं आहे ना, ते त्या 'च' चं आहे.

एलिस स्वतः तरुणपणी फार लाजाळू होते, बायकांशी बोलायची भीती. त्यांनीच सांगितलेली गोष्ट आहे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी महिनाभर रोज ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमधे जायचं ठरवलं, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. १३० जणींच्या शेजारी बसले, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, त्यातली एक परत भेटायला तयार झाली आणि ती सुद्धा आली नाही. निकाल शून्य म्हणायचा. पण त्यांची भीती गेली, कारण त्यांनी स्वतःशी ठरवलेलं होतं ते फक्त बोलायचं, ती हो म्हणेल की नाही हे त्यांनी स्वतःच्या हिशेबात धरलंच नव्हतं. मी मुलांना परीक्षेआधी हेच करायला लावते. काय माझ्या हातात आहे आणि काय नाही ते वहीत लिहायचं, पेपरच्या आधी, निकालानंतर नाही. निकालानंतर लिहिलेलं सगळं मनाची समजूत काढल्यासारखं होतं.

ठिणगी:
मनमोकळी ताई, तुमचं वैयक्तिक पातळीवर बरोबर असेल, पण मला या सगळ्या 'अपेक्षा अॅडजस्ट करा' प्रकाराची भीती वाटते आणि ते स्पष्ट लिहितो. पोरांनी काय जास्तीची अपेक्षा ठेवलेली असते हो? परीक्षा वेळेवर व्हावी, निकाल वेळेवर लागावा, निकाल लागला की नियुक्ती मिळावी. यातली कुठली अपेक्षा कमी करायची? ऑगस्ट २०२४ आठवतोय का, २५ तारखेला राज्यसेवा पूर्व आणि त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा. पुण्यात पोरं रात्रभर रस्त्यावर बसली. तेव्हा कुणी म्हणालं असतं की बाळांनो 'च' काढा, दोन्ही परीक्षा द्यायला मिळायलाच पाहिजेत असा हट्ट नको, तर? ते बसले म्हणून तारीख बदलली, परीक्षा मग १ डिसेंबरला झाली. काही ठिकाणी 'च' लावावाच लागतो. सगळं मनातच सुटतं म्हटलं की बाहेरचं कुणी सोडवतच नाही.

मनमोकळी:
@ठिणगी, तुमचा मुद्दा मान्य आहे, अगदी मनापासून. व्यवस्थेकडून रास्त वागणूक मागणं ही माझ्या लेखी कमी करायची अपेक्षाच नाही, तो हक्क आहे. आणि माझा अनुभव असा आहे की जो मुलगा 'मी वाया गेलो' या खड्ड्यात पडलेला असतो तो आंदोलनाला पण येत नाही, तो खोलीतून बाहेरच पडत नाही. पण हो, माझ्या पोस्टमधे ही बाजू यायला हवी होती, ती राहिली.

ठिणगी:
धन्यवाद. माझा आवाज चढला असेल तर माफ करा. माझा रूममेट त्या खोलीतून बाहेर न पडणाऱ्यांपैकी होता. आता बरा आहे, गावी असतो.

हापूसवाडी:
मी देवगडकडचा, परीक्षा वगैरे काही दिल्या नाहीत, बारावीनंतर बागेत. पण विषय अपेक्षेचा आहे आणि त्यात आमची पिढ्यानपिढ्यांची शाळा झालेली आहे म्हणून लिहितोय.

हापूस मुळातच एकाआड एक वर्ष धरणारं झाड. त्यात थंडी कधी पडते त्यावर मोहोर, मोहोर आला की तुडतुडे आणि थ्रिप्सची कीड, मग ढगाळ हवा, मग अवकाळी. सगळं नीट झालं असं वाटतं तोवर जानेवारीत त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो, पुनर्मोहोर म्हणतात त्याला, आणि झाड सगळी ताकद नव्या मोहोराला देतं आणि वाटाण्याएवढी गोटीएवढी झालेली फळं खाली. शंभर फुलांतून एखादं फळ शेवटपर्यंत टिकलं तरी खूप. माझे वडील म्हणायचे, "मोहर बघून पेटी मोजूची नाय." मी तरुणपणी मोजायचो. एका वर्षी डिसेंबरात बाग पांढरी पडलेली बघून मी टेम्पोचं बुकिंग केलं, ॲडव्हान्स दिला. एप्रिलला पेट्या निम्म्याहून कमी. आंबा कमी आला त्याचं दुःख होतंच, पण टेम्पोवाल्याकडे तोंड दाखवायची जी लाज वाटली ती त्याहून जास्त. ती लाज मी स्वतः विकत घेतली होती.

आता मी तीनदा हिशेब करतो. मोहोराला एक, फळ अंड्याएवढं झालं की दुसरा, आणि पेटी भरून वाशीला गाडी सुटली की तिसरा. कर्ज, लग्नकार्य, गाडी, जे काय ठरवायचं ते दुसऱ्या हिशेबावर, पहिल्यावर नाही. पण ताई एक सांगतो, फवारणी मी पहिल्या हिशेबावरच करतो. म्हणजे मेहनत अशी करायची की यंदा झाडून सगळा मोहोर टिकणार आहे, आणि पैसे असे धरायचे की काहीच टिकणार नाही. २०२१ च्या मे मधे तौक्ते वादळात माझी तीन कलमं उन्मळून पडली, आजोबांनी लावलेली. तिथे कुठलाच हिशेब उपयोगाचा नव्हता. आठ दिवस बागेत गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो आणि नवीन खड्डे मारले. आठ दिवस लागले ते लागलेच.

दूरचा_दिवा:
हापूसवाडी, काय लिहिलंय तुम्ही, दोनदा वाचलं. न्यू जर्सीहून लिहितोय, माझी गोष्ट वेगळी पण जखम तीच आहे असं वाटतं.

मी २०११ ला इथे आलो. दरवर्षी अमेरिकेत कामासाठीचे ८५ हजार एच-वन-बी व्हिसा, त्यात नंबर लागला, ते नशीब. पुढे ग्रीन कार्डची रांग. इथला कायदा असा की कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला सात टक्क्यांच्या वर कार्डं द्यायची नाहीत, आणि भारतातून येणारे आम्ही इतके की ती रांग संपतच नाही. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१५ ची. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, आता कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर आला ते त्यात असतं. कधी दोन महिने पुढे सरकते, कधी तशीच, कधी चक्क मागे जाते. मी सहा वर्षं त्या बुलेटिनवर जगलो. कार्ड आलं की घर घेऊ, कार्ड आलं की बायको तिचं काम सुरू करेल, कार्ड आलं की आईबाबांना सहा महिने बोलवू. भिंतीवर खिळा मारायचा नाही कारण घर भाड्याचं. मुलगी चौथीत गेली तेव्हा तिने विचारलं बाबा आपण इथे पाहुणे आहोत का, आणि मला उत्तर देता येईना.

२०२१ ला घर घेतलं, कार्डाशिवाय. रांगेत अजून आहे, कार्ड अजून हवं आहे, तेवढंच हवं आहे, वकिलाची फी पण भरतो. फक्त 'कार्ड आलं की' ने सुरू होणारी वाक्यं घरात बोलायची नाहीत असं आम्ही दोघांनी ठरवलं. बुलेटिन मी आता बघत नाही, बायको बघते आणि काही बदल असला तरच सांगते. पाऊलवाट, मला तुम्हाला विचारावंसं वाटतं की 'पोस्ट निघाली की' म्हणून तुम्ही काय काय सात वर्षं बाजूला ठेवलं होतं? माझा अंदाज आहे की तुमचं निम्मं रडू त्या गोष्टींचं आहे.

पाऊलवाट:
दूरचा दिवा, तुमचा प्रश्न वाचून मी मोबाईल ठेवून दिला आणि दोन दिवस इथे आले नाही.

पोस्ट निघाली की म्हणून मी काय काय ठेवलं होतं... मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही, प्रीलिम्स तीन आठवड्यांवर होती, ती आजही नीट बोलत नाही. कथक शिकायचे अकरावीपर्यंत, घुंगरू ट्रंकेत आहेत. आज्जी गेली तेव्हा मी टेस्ट सिरीजचा पेपर देऊन मग निघाले, पोचेपर्यंत नेलं होतं. हे कुणाला सांगितलं नव्हतं आजपर्यंत. मी मनात असं धरलं होतं की तहसीलदार झाले की हे सगळं फिटेल. लिपिक होऊन आज्जीचं ते कसं फिटणार, असं काहीतरी माझं मन म्हणत होतं, आणि आता लिहिताना कळतंय की ते तहसीलदार होऊन तरी कसं फिटलं असतं.

मनमोकळी ताई, वही केली. डाव्या पानावर 'व्हायचं होतं' ची वाक्यं, उजव्या पानावर 'व्हायलाच पाहिजे होतं' ची. उजवं पान भरलं आणि मग वाचताना लक्षात आलं की त्यातली अर्धी वाक्यं माझी नाहीतच, क्लासच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेली, अभ्यासिकेत भिंतीवर चिकटवलेली, नातेवाईकांनी 'काय मग मॅडम' म्हणत ऐकवलेली. ती मी कधी स्वतःची करून घेतली ते कळलंच नाही. आज्जीचं डाव्या पानावर लिहिलं. ते तिथेच राहू देणार आहे.

मनमोकळी:
राहू द्या. सावकाश.

कृष्णाकाठ:
मी हा धागा रोज वाचतोय आणि लिहू का नको करतोय, कारण मी तोच आहे, बारा वर्षांपूर्वीचा तुम्ही. सहा अटेम्प्ट, मग लिपिक, तहसील कार्यालयात. पहिली दोन वर्षं मी नोकरी केलीच नाही असं म्हणावं लागेल, शरीराने टेबलावर असायचो. कुणी विचारलं काय करता तर म्हणायचो रेव्हेन्यूत आहे, पद सांगायचो नाही. साहेबांच्या केबिनसमोरून जाताना मान खाली. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते, त्याच पेठेतले, त्यांची पोस्ट निघाली होती आणि माझी नव्हती. ते माणूस म्हणून चांगले होते त्यामुळे अजूनच अवघड जायचं.

कधी बदललं असं नेमकं सांगता येणार नाही. माझ्याकडे संजय गांधी निराधार योजनेचं टेबल आलं. अर्जात एक कागद कमी असला की फाईल मागे जाते हे मला माहीत होतं, आणि आजीबाई लोकांना ते कळत नाही हेही दिसत होतं, चार चार हेलपाटे घालतात, एसटीचं तिकीट काढून. मी काय केलं तर अर्ज घेतानाच समोर बसवून सगळे कागद लावून बघायला लागलो, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, बँकेचं पासबुक. जास्तीचं काम होतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या योजनेत बहुतेकांना महिन्याला १५०० मिळतात, आपल्याला ते काय वाटतात आणि त्यांना काय वाटतात हे त्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. मला ती खुर्ची आवडायला लागली असं नाही म्हणणार. पण सकाळी उठून कुठे जायचंय हे कळायला लागलं.

तहसीलदार न झाल्याचं अजून वाटतं, वर्षातून एकदोनदा, निकालाच्या दिवसात जास्त. पूर्वी ते आलं की मी घाबरायचो, आता येतं, बसतं, जातं.

एक व्यवहाराचं सांगतो. खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे, तुमच्याकडे वर्षं आहेत. २०२५ पासून राज्यसेवा मेन्स वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर, लिहायचा सराव लागतो, नोकरी करून ते सोपं नाही पण करणारे आहेत. द्यायची का नाही ते पहिले सहा महिने ठरवू नका. मी जॉईन झाल्या झाल्या पुन्हा पुस्तकं काढली ती अभ्यासासाठी नाही, मी इथला नाही हे लोकांना दाखवायला काढली. तो अटेम्प्ट वाया गेला.

रातकिडा:
कृष्णाकाठ सर, तुमच्याशी व्यनिमधे (खाजगी निरोपात) बोलू का? मला हेच विचारायचं होतं की कधी थांबायचं.

कृष्णाकाठ:
जरूर. करा मेसेज. आणि मेसवाल्या मावशींना आधी खरं काय ते सांगा, आजच. त्यांनी तुमच्यासारखी शेकडो पोरं बघितलीत.

पारावरचा_काका:
मी वर 'समाधान मानावं' असं लिहून मोकळा झालो होतो. सगळं वाचल्यावर वाटतंय की घाईच केली. माझा मुलगा इंजिनिअरिंग सोडून परत आला तेव्हाही मी त्याला हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि तो वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. त्याला काय वाटतंय हे विचारायचं सुचलं नाही मला. आज संध्याकाळी फोन करतो.

पाऊलवाट:
काका, नक्की करा. माझं अण्णांशी, म्हणजे वडिलांशी, बोलणं झालं, ते सांगायलाच आले.

परवा रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बाजेवर बसलो होतो, लाईट गेलेली. मी धीर करून विचारलं, अण्णा खरं सांगा, मी तहसीलदार झाले नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं का. मला वाटलं होतं ते म्हणतील छे गं, तू काहीही झालीस तरी. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कामून इचारायलीस? वाटलं की. लागलं बघ थोडं मनाला. लई लोकास्नी सांगून बसलो होतो." आणि मला सांगता येत नाही इतकं हलकं वाटलं. मी सात वर्षं घाबरत होते ते हेच वाक्य होतं, आणि ते ऐकून काही झालं नाही. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. मग ते म्हणाले की दुसऱ्यांदा मेन्स दिलीस तेव्हाच मी धरून चाललो होतो, आता पोरगी खंगायलीय, जे लागंल ते लागू दे. म्हणजे त्यांचा दुसरा हिशेब केव्हाच झाला होता, हापूसवाडी दादा, मलाच कळवला नव्हता, मी खचेन म्हणून. आणि मी पहिल्याच हिशेबावर टेम्पो बुक करून बसले होते.

फ्लेक्सवरचं 'अधिकारीपदी' काल भावाला सांगून 'लिपिक-टंकलेखकपदी' करून घेतलं. तो म्हणाला आता कशाला, कोण वाचतंय, मी म्हटलं मी वाचते. रात्री झोप लागली. रडू अजून येतं अधूनमधून, पण न्हाणीघरात नाही जात आता.

२०२३ च्या ज्या जाहिरातीतून माझी निवड झाली त्यात ८१६९ पदं होती आणि ७०३४ लिपिक-टंकलेखकाची, म्हणजे माझ्यासारखे सात हजार लोक कुठेकुठे रुजू होतायत, हे मी आत्तापर्यंत एकदा पण मनात आणलं नव्हतं. घुंगरू ट्रंकेतून काढलेत, कपडा विरला होता, नवीन लावून घ्यायला लातूरला दिलेत. मैत्रिणीला मेसेज केला, अजून बघितला नाही तिने.

राज्यसेवेचं सहा महिने ठरवणार नाही.

पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय. वैद्यकीय झालं, पडताळणीचे कागद लावून ठेवलेत. @कृष्णाकाठ दादा, पहिल्या दिवशी काय काय लागेल हो?

कृष्णाकाठ:
नियुक्ती आदेश आणि सगळ्या मूळ कागदांच्या तीन तीन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो सात-आठ घ्या, कमीच पडतात. रुजू अहवाल दोन प्रतीत लिहून न्या, एकावर पोच घ्या आणि ती जपून ठेवा, पुढे सर्व्हिस बुकला लागते. सकाळीच रुजू करून घ्यायला सांगा, दुपारनंतर गेलात तर दिवस धरताना प्रश्न निघतात. स्वतःचा पेन, पाण्याची बाटली, डबा. आणि आवक-जावकचं रजिस्टर कोण बघतं ते पहिल्याच दिवशी माहिती करून घ्या, अख्ख्या ऑफिसात कुठला कागद कुठे आहे ते त्या माणसाला ठाऊक असतं.